सकाळी ठणठणीत, सांजेला आडवी

गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावातून एका सासूबाईंचे पत्र आले आहे. नावे वगळून ते थोडक्यात देत आहे.

“माझी सून २९ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या पावसाळ्यापासून सांजेला तिची डावी पापणी खाली येते, समोरची वस्तू एकाची दोन दिसते. चवथीला दुसरी आरती म्हणता म्हणता तिचा आवाज नाकातून येऊ लागला आणि त्या रात्री पेज पिताना ती नाकावाटे बाहेर आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलून दिला. घशाच्या डॉक्टरांनी घसा स्वच्छ असल्याचे सांगितले. डोक्याचा एमआरआय आणि रक्त, दोन्ही चांगले आले. शेवटी एका डॉक्टरांनी मानसोपचार सुचवले. शाळा सकाळची असल्याने तिथे कोणाला पत्ताही नाही. घरातले काहीजण म्हणतात, सकाळी ठणठणीत असते आणि सांजेच्या कामाला आडवी होते, म्हणजे हे नाटक आहे. मी देवाचा प्रसादही (कौल) घेतला. मध्यंतरी तिचा घसा धरला म्हणून फार्मसीतून गोळ्या आणल्या, तर दोन दिवस तिला मान धरवेना. हे मनाचे आहे का? कोणाकडे न्यावे? पुढे मूलबाळ होईल का? आणि ती पुन्हा आरत्या म्हणू शकेल का?”

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

घरातल्यांनी ज्या वाक्याने आपल्या सुनेला नाटकी ठरवले, तेच वाक्य वैद्यकीय दृष्टीने आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे आहे. सकाळी ठणठणीत आणि सांजेला आडवी, विश्रांती घेतली की पुन्हा बरी, वापर वाढला की पुन्हा ढिली, असे ज्या आजारात होते त्याला मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणतात. पापणी, दोन दोन दिसणे, नाकातून येणारा आवाज, नाकावाटे परतणारी पेज आणि न पेलणारी मान या पाचही गोष्टी त्याच दिशेने बोट दाखवतात. पत्रावरून निदान करण्याचा अधिकार मला नाही आणि रुग्णाला समोर बसवून तपासल्याशिवाय कोणीही तसे करू नये. परंतु हा संशय इतका बळकट आहे, की तो खरा की खोटा हे ठरेपर्यंत आपण स्वस्थ बसू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगतो. नुसती पापणी पडत असती तर पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तरी चालले असते. पेज नाकातून येते याचा अर्थ घशाचे स्नायू थकू लागले आहेत, आणि म्हणून या आठवड्यातच तिला दाखवावे.

हे मनाचे आहे का, हा आपला पहिला प्रश्न. मेंदूकडून निघालेला हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत व्यवस्थित पोचतो. तेथून स्नायूकडे जाताना त्याचे रूपांतर ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनात होते, आणि ते रसायन स्नायूच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांना, म्हणजे ते टिपून घेणाऱ्या रिसेप्टरना, जाऊन भिडले की स्नायू आकसतो. या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा त्या ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते आणि ग्राहकांची संख्या घटत जाते. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली की ते रसायन दर खेपेला थोडे कमी सुटते. हे तुमच्याआमच्या शरीरातही घडते, पण आपल्याकडे ग्राहकांची शिल्लक भरपूर असल्याने ते जाणवत नाही. जिची शिल्लकच संपत आलेली आहे तिची पहिली आरती नीट होते आणि दुसऱ्या आरतीला आवाज बसतो. यात तिच्या इच्छेचा, जिद्दीचा किंवा आळसाचा काडीचाही संबंध नाही.

मग इतक्या डॉक्टरांना हे का दिसले नाही, असा राग आपल्या मनात असणे स्वाभाविक आहे. एमआरआय मेंदूचे चित्र काढतो, आणि हा दोष मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर असल्याने तो कोणत्याही चित्रात उमटत नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत या प्रतिपिंडांची तपासणी नसते, ती मुद्दाम सांगावी लागते. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो, आणि सकाळी तिची पापणी जागच्या जागी असते. शिवाय प्रत्येक डॉक्टरापुढे तिचा एकच तुकडा गेला, एकाकडे डोळा आणि दुसऱ्याकडे घसा. ते सगळे तुकडे एका कागदावर मांडणाऱ्या पहिल्या आपण आहात.

मी हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे येत असत. बोलताना ते नेहमी हनुवटी तळहातावर टेकवून बसत आणि मी ती त्यांची विचार करण्याची लकब समजत होतो. एके दिवशी त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, “जेवतानासुद्धा ते असाच जबडा धरतात, हात काढला तर तोंड उघडे पडते.” तोवर चार महिने गेले होते. थकलेला जबडा हाताने सावरणे ही या आजाराची पाठ्यपुस्तकातली खूण मी रोज समोर बघत होतो आणि मला ती वाचता आली नव्हती.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एवढे करावे. सांजेला पापणी खाली आलेली असताना तिच्या चेहऱ्याचे मोबाईलवर चित्रण करावे, त्यात तिला वीस ते तीस वाक्ये मोठ्याने वाचायला सांगावे, आणि आवाज बदलतो तो क्षण त्यात येऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर तसेच दुसरे चित्रण करावे. ही दोन चित्रणे एकापाठोपाठ एक दाखवली, तर जे सांगायला अर्धा तास लागेल ते डॉक्टरांना मिनिटाभरात कळेल. सोबत वहीच्या एका पानावर सात दिवसांची नोंद करावी: किती वाजता पापणी पडली, कोणता घास अडकला, वेणी घालताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना हात कधी खाली आले, आणि किती विश्रांतीनंतर बरे वाटले. मात्र सात दिवस पूर्ण होण्याची वाट बघू नये, दोन दिवसांचीच नोंद असली तरी ती घेऊन निघावे.

दाखवावे ते न्यूरोलॉजिस्टना, म्हणजे मज्जातंतूंच्या तज्ज्ञांना. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हा विभाग आहे. साखळीहून सकाळी लवकर निघावे आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली तर सोबत घ्यावी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तेही बरोबर ठेवावे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची ती तरतूद आहे. आपल्या उपचारांतले काय काय त्यात बसते, हे भरती होण्यापूर्वीच तेथील कक्षात विचारून घ्यावे.

तिथे डॉक्टर तिला मिनिटभर वर बघत राहायला सांगतील आणि पापणी घसरते का ते पाहतील. मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवली असता पापणी उचलली गेली, तर तोही मोठा पुरावा असतो, कारण थंडीत या सांध्याचे काम सुधारते. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी शरीरभर पसरलेल्या आजारात शंभरातल्या सुमारे ८५ जणांत होकारार्थी येते, आणि आजार केवळ डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्या जणांत. म्हणून ती नकारार्थी आली, तर “काही नाही, घरी जा” असा तिचा अर्थ लावू नये. अशा वेळी मस्क नावाच्या दुसऱ्या प्रतिपिंडाची तपासणी असते. मज्जातंतूला सौम्य विजेचे झटके लागोपाठ देऊन स्नायूचा प्रतिसाद घटत जातो का, तेही पाहता येते, आणि त्याहून सूक्ष्म अशी एकाच स्नायुतंतूची तपासणीही आहे. निदान पक्के झाले की छातीचा सीटी स्कॅन होईल. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिचे या आजाराशी जवळचे नाते आहे, आणि शंभरातल्या १० ते १५ रुग्णांत तिथे गाठ आढळते. थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी, कारण हे दोन आजार पुष्कळदा जोडीने येतात.

आता त्या फार्मसीच्या गोळ्यांबद्दल. त्या कोणत्या होत्या हे आपण लिहिलेले नाही. रिकामे पाकीट अजून घरात असेल तर ते शोधून काढावे आणि डॉक्टरांना दाखवावे. घसा धरला म्हणून सर्रास दिले जाणारे ॲझिथ्रोमायसिन, जुलाबासाठी घरोघरी घेतले जाणारे ऑफ्लॉक्सासिन आणि त्याच कुळातले सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिन, तसेच जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शने, ही औषधे इतरांना निर्धोक असली तरी मायस्थेनियाच्या रुग्णाचा अशक्तपणा एकाएकी वाढवू शकतात. शिरेतून दिलेले मॅग्नेशियम, मलेरियावरचे क्विनीन, घबराट किंवा अर्धशिशीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंब यांच्याबाबतही तसेच आहे. झोपेच्या गोळ्या श्वास मंदावू शकतात. एखादा जंतुसंसर्ग इतका मोठा असू शकतो की यांतले औषध पत्करावेच लागते, पण तो निर्णय तिचा आजार माहीत असलेल्या डॉक्टरांनी घ्यायचा. तपासणीचा निकाल लागेपर्यंत फार्मसीतून परस्पर एकही गोळी आणू नये, आणि मानसोपचारासाठी काही लिहून दिलेले असेल तर तेही न्यूरोलॉजिस्टना दाखवावे. अंगात कणकण असेल तर साधे पॅरासिटामॉल चालते.

त्यापुढची गोष्ट आपण घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवावी. तिला आडवे झाल्यावर श्वास लागू लागला, खोकल्यात जोर उरला नाही, स्वतःची लाळ गिळता येईना, एका श्वासात वीसपर्यंत अंक मोजता येईनात, किंवा मान उशीवरून उचलता येईना, तर त्याच क्षणी १०८ ला फोन करावा आणि “मायस्थेनियाचा संशय आहे, श्वास आणि गिळणे अवघड झाले आहे” हे शब्द सांगावेत. पुष्कळ घरांत कोविडच्या काळापासून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. त्यावरचा ९७ किंवा ९८ हा आकडा पाहून कृपया थांबू नये. श्वासाचे स्नायू थकत असताना तो आकडा शेवटपर्यंत चांगला राहू शकतो, आणि तो घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. अशा प्रसंगी रुग्णालयात शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे) देतात किंवा रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, बदलतात. त्याचा गुण काही दिवसांत दिसू लागतो, आणि तोवर गरज भासली तर श्वासाला यंत्राचा आधार मिळतो. वेळेवर पोचलेला रुग्ण यातून बहुधा सुखरूप बाहेर येतो.

रोजच्या उपचारांत पहिले औषध पायरिडोस्टिग्माइन हे असते. त्याचा परिणाम अर्ध्यापाऊण तासात सुरू होतो आणि तीनचार तास टिकतो, म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास घेतले की घास नीट चावता आणि गिळता येतो. पोटात कळ, जुलाब आणि लाळ सुटणे हे त्याचे त्रास आहेत. गुण आला म्हणून स्वतःहून गोळ्या वाढवू नयेत, कारण मात्रा अति झाली तर त्यानेच अशक्तपणा येतो. हे औषध आजाराच्या मुळावर घाव घालत नाही. त्यासाठी स्टिरॉइड लागते, आणि त्याच्या नावाने आपल्याकडे घराघरांत भीती आहे हे मी जाणतो. साखर आणि रक्तदाब वाढणे, वजन वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे त्याचे त्रास खरे आहेत, आणि त्यासाठी तपासण्या, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व सोबत चालते. या आजारात आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी: स्टिरॉइड सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत अशक्तपणा काही काळ वाढू शकतो, म्हणून ते बहुधा लहान मात्रेपासून चढवतात, आणि गिळण्याचा त्रास असलेल्याला त्या दिवसांत रुग्णालयात ठेवतात. त्या वाढलेल्या त्रासाला घाबरून किंवा पुढे बरे वाटले म्हणून ते एकदम बंद करणे, दोन्ही धोक्याचे आहे. स्टिरॉइड पुढे कमी करता यावे म्हणून ॲझाथायोप्रिनसारखे औषध जोडतात. त्याचा पुरता गुण यायला सहा महिने ते वर्ष किंवा त्याहून अधिक काळही लागतो, आणि तोवर रक्तपेशी व यकृत यांच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. थायमस ग्रंथी शस्त्रक्रियेने काढण्याचा फायदा, गाठ नसली तरी, आजार शरीरभर पसरलेल्या आणि नेहमीचे प्रतिपिंड असलेल्या रुग्णांत होतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत दिसून आले. तीन वर्षांत त्यांचा अशक्तपणा कमी राहिला आणि स्टिरॉइडही कमी लागले. आपल्या सुनेच्या वयात हा पर्याय डॉक्टर बहुधा मांडतील. तो ऐकताच घाबरून नकार देऊ नये.

हे उपचार आज इतके सरळ मांडता येतात, त्यामागे फार मोठा काळ गेला आहे. इंग्लंडमधले डॉक्टर टॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये एका बाईंचे वर्णन केले, ज्यांची वाचा बराच वेळ बोलल्यावर जात असे आणि काही वेळाने परत येत असे. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, १९३४ मध्ये, ग्रीनिचच्या रुग्णालयातल्या डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले आणि रुग्णाची पडलेली पापणी त्यांच्या डोळ्यांदेखत वर गेली. आजची गोळी त्याच कुळातली आहे. मधल्या काळातल्या किती बायकांना घरात नाटकी ठरवले गेले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्या घरापुरते बोलायचे, तर तिला नाटकी म्हणणे आजपासून थांबावे, आणि ते आपण थांबवू शकता. इतके महिने आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे तिने सोसले आहे. त्याने तिचे मन खचले असेल तर त्यासाठी समुपदेशन जरूर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. ते स्नायूंच्या उपचारांच्या जोडीला चालावे, त्यांच्या जागी नव्हे. देवाचा प्रसाद आपण घेतलात तो श्रद्धेने घेतलात, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. फक्त बांबोळीला जाण्याची तारीख पुढल्या प्रसादावर अवलंबून ठेवू नये.

कामांची वाटणीही बदलावी. तिचे जड काम सकाळीच व्हावे, सांजेचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी बघावा, दुपारी तासभर पडणे हा तिचा हक्क मानावा. पातळ पदार्थ घशातून लवकर सांडतात, म्हणून तूर्त पेज घट्ट करून द्यावी. तिने ताठ बसून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, लहान घोट घ्यावेत आणि जेवताना बोलू नये. मे महिन्यातला उकाडा, ताप, जागरण आणि मासिक पाळीचे दिवस यांत त्रास वाढू शकतो, हे घरात सर्वांना ठाऊक असावे. दोन दोन दिसत असेतो तिने स्कूटर चालवू नये.

मूलबाळ होईल का, याचे उत्तर होय असे आहे, पण ते ठरवून व्हावे. आजार आटोक्यात आल्यावर आणि न्यूरोलॉजिस्ट व प्रसूतितज्ज्ञ या दोघांशी बोलून दिवस राहू द्यावेत. पायरिडोस्टिग्माइन आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड गरोदरपणात सहसा चालू ठेवतात. ॲझाथायोप्रिनच्या जागी कधी कधी दिली जाणारी मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट ही औषधे मात्र गर्भाला घातक आहेत. म्हणून “आम्हाला पुढे मूल हवे आहे” हे वाक्य औषधे ठरण्याच्या पहिल्याच भेटीत बोलावे, आणि ते तिने स्वतः बोलावे. काही बाळांना जन्मल्यावर आईच्या प्रतिपिंडांमुळे थोडे दिवस अंगात त्राण नसते आणि दूध ओढता येत नाही. ते आठवड्यांत ओसरते, पण तेवढ्यासाठी प्रसूती नवजात बाळांचा कक्ष असलेल्या रुग्णालयातच व्हावी. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले तर एरवी मॅग्नेशियम देतात. ते तिला चालत नाही, ही नोंद तिच्या फाईलच्या पहिल्याच पानावर असावी.

राहिली आरती. पुढच्या चवथीला ती गाईलच असे वचन मी देऊ शकत नाही, पण नीट उपचार घेणारे बहुतेक रुग्ण आपल्या नेहमीच्या कामांत परततात. आजार ताब्यात आलेला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीची वेळ आरतीआधी पाऊण तासावर यावी, तिला घुमट वाजवणाऱ्याच्या बाजूला पाटावर बसवावे, आणि पहिली आरती तिला म्हणू द्यावी. दुसरी इतरांनी म्हणावी. तिसरीला ती पुन्हा सूर धरते का, ते तेव्हा तिचे तीच बघेल.